किनवटची ती आणि माझी साइट

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी नोकरी करतो, तिथली वेबसाइट मी एकट्यानं उभी केली होती. दर रविवारी संध्याकाळी सहाला चाचणीचे गुण लागायचे, गावोगावचे पालक एकदम तुटून पडायचे आणि साइट बसायची. सर्व्हर लहान पडतोय, असं मी क्लास चालवणाऱ्या सरांना सांगायचो. ते मान डोलवायचे. माझ्याशिवाय विचारणार तरी कोणाला?

मग किनवटची ती नोकरीला आली. वसतिगृहात राहून शिकलेली, माझ्याच वयाची, काही वर्षं पुण्यात काम करून परतलेली. दुसऱ्याच दिवशी तिनं दुखणं शोधलं. सरांच्या हौसेखातर प्रत्येक पानाच्या माथ्यावर गुणवंतांचे फोटो असत, आणि माझा कोड एकेका फोटोसाठी डेटाबेसशी नवं कनेक्शन उघडायचा.

"साठ फोटो, साठ कनेक्शन. दादा, एका पानाला एकच पुरंल की," ती म्हणाली. टोमणा नव्हता, तरी माझा तिळपापड झाला.

शनिवारी तिनं सगळं बदललं. एकदा उघडलेलं कनेक्शन बंद न करता पुढच्या पानालाही तेच वापरायचं, अशी सोय केली. एकामागून एक पानं उघडून पाहिली, झरझर उघडली. सर तिच्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले, "लई भारी." माझ्या खुर्चीमागं ते कधी उभे राहिले नव्हते.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. गर्दीच्या भीतीनं मीच पूर्वी डेटाबेसला सांगून ठेवलं होतं, की कनेक्शन मिनिटभर रिकामं बसलं की तोडून टाक. तिनं जपून ठेवलेली कनेक्शनं सहाच्या आधीच्या शांततेत अशी तुटणार आणि गर्दी आली की पानावर एरर येणार, हे मला दिसत होतं. मी बोललो नाही. पडू दे तोंडघशी, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

रविवारी सहाला तसंच झालं. ऑफिसातले सगळे फोन वाजू लागले. माझाही वाजला. मुरुडची बहीण होती, तिची लेक आमच्याच क्लासला आहे. मी उचलला नाही.

इकडं किनवटच्या तिनं डेटाबेसच्या सेटिंगची फाइल उघडली. मिनिटभराच्या त्या ओळीपुढं माझीच टीप होती, माझ्या नावासकट: "गर्दीसाठी. काढू नये." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि सरांना म्हणाली, "सर, माझ्याकडूनच एक गोष्ट बघायची राहिली."

"हाव, व्हतं असं," सर म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. तिचा मोठेपणासुद्धा मला सहन होईना.

दहा मिनिटांत साइट सुरळीत झाली. बहिणीचा फोन पुन्हा आला, या वेळी मी उचलला.

"दादा, पोरीचे मार्क लगेच दिसले बघ. तुझी साइट आता लई फास्ट झाली."

बहिणीचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत, किनवटच्या तिच्यापर्यंत, स्पष्ट जात होता.

"हाव," मी म्हणालो.