दफ्तरदारांच्या घरातला कापलेला खांब

इंदापुरातलं दफ्तरदारांचं दुमजली घर वारसांनी वाचनालयासाठी गावाला देऊन टाकलं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आता मिळतो कुठं? म्हणून चाँदभाईंना बोलावणं आलं. वय बासष्ट, पण हात अजून स्थिर. त्यांनी पुढच्या कमानी सावरल्या, भिंती खरवडल्या. माजघराच्या दाराकडं मात्र ते जाईनात.

आठव्या दिवशी इंजिनिअर उत्कर्षा नकाशा घेऊन आल्या. "पुस्तकांची लोखंडी कपाटं वरच्या मजल्यावर, बरोबर या दाराच्या वर येतील," त्या म्हणाल्या.

चाँदभाईंनी थापी खाली ठेवली. "मॅडम, तितं कपाटं ठिवू नका. ह्या भिंतीतला सागवानी खांब मी कापलाय."

बत्तीस वर्षांपूर्वी दफ्तरदारांना हे दार रुंद करून हवं होतं. काम चाँदभाईंच्या अब्बांकडं. ते लासुर्ण्याला लग्नाला गेले आणि इकडं नव्या चौकटीच्या रुंद उंबऱ्याला भिंतीतला खांब आड आला. थांबायचं सोडून चाँदभाईंनी करवत चालवली. कमरेखालचा खांब काढला, चौकट बसवली, मागच्या पोकळीत विटा कोंबल्या. अब्बा आले, भिंतीकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला बारामतीच्या कामावर धाडलं. चार दिवसांनी तो परतला, तर गिलावा झालेला. पुढं अब्बा गेले, तोवर तो विषय कधी निघाला नाही.

"एवढी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीत?" उत्कर्षांनी विचारलं.

"भ्यालो व्हतो. आदी अब्बांना, मग समद्यांनाच."

उत्कर्षांनी लगेच काम थांबवलं, छताला टेकू लावून घेतले. भिंत उघडायची म्हटल्यावर चाँदभाई म्हणाले, "ती मीच फोडतो."

छिन्नीचे दहा-बारा घाव बसले, गिलावा सुटला. आत विटा नव्हत्याच. कापलेल्या खांबाखाली काळ्या घडीव दगडांचा दुसरा खांब उभा होता, सांधे चुन्यानं भरलेले, वर लाकडाशी केसाचीही फट नाही.

चाँदभाईंनी दगडावरून हात फिरवला. "अब्बांचा हात हाय हा. दगडावर टाकीचे घाव असे तिरके तेच मारायचे." ते तिथंच पायरीवर बसले आणि डोळ्यांना गमछा लावला.

पुण्याहून जाणकार आले, दोन दिवस तपासणी झाली. "खांब तसूभर खचलेला नाही," उत्कर्षा हसून म्हणाल्या. "कपाटं इथंच बसतील, चाँदभाई."

घरी चाँदभाईंनी बायकोला, परवीनला, सगळं सांगितलं. "म्हणून तुमी त्या आळीनं जायचं टाळत व्हता व्हय? आन् मी आपली बाजाराला लांबचा वळसा घालत तुमच्या मागं!"

कपाटं वर चढवली, त्या सकाळी चाँदभाई मुद्दाम त्या दारात उभे राहिले. डोक्यावर लोखंड सरकल्याचा आवाज होत होता. शेवटचं कपाट जाग्यावर बसेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "चला, आता च्या सांगा कुणीतरी."