मधोमधचा डाग

मी मुळात भित्री. पालीला भिते, उतारावरच्या जीपला भिते आणि सूर्याला तर सगळ्यांत जास्त भिते. विज्ञान शिकवणारी बाई सूर्याला भिते म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत हशा पिकतो. हसणाऱ्यांनी सूर्य नीट पाहिलेला नसतो, एवढंच माझं म्हणणं.

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची छोटी दुर्बीण मी साखऱ्याला, आमच्या गावी, घरी आणते आणि गच्चीवर मांडते. तिला डोळा लावून सूर्य पाहायचा नसतो. तसा पाहिला तर डोळा गेलाच समजा. तिचं तोंड सूर्याकडे करायचं आणि मागून पडणारा उजेड पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्यायचा. पुठ्ठ्यावर पुरीएवढा सूर्य उमटतो आणि त्याच्यावर काळे ठिपके दिसतात. ते सौर डाग. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्यासोबत डागही रोज थोडे पुढे सरकतात आणि पंधरवड्याच्या आत कडेवरून पलीकडे जातात. डाग कधी जागेवर थांबत नाही. मी ज्याला घाबरले ते सगळं या एका गोष्टीत आहे.

त्या वर्षी सूर्य खवळलेला होता. पुठ्ठ्यावर डागांचा एक मोठा पुंजका उगवला, इतका मोठा की ग्रहणाच्या काळ्या चष्म्यातूनही ठिपका म्हणून दिसावा. उपग्रहांनी घेतलेली चित्रं मी मोबाईलवर पाहायची. त्या पुंजक्यावर आगीच्या कमानी उभ्या राहायच्या, ताणल्या जायच्या आणि तुटायच्या. दुसऱ्या एका चित्रात सूर्यावर झाकण ठेवलेलं असतं, म्हणजे त्याच्या भोवतीचं प्रभामंडळ दिसतं. तिथे स्फोटाचा ढग एका बाजूला गेला तर मी सुटकेचा निःश्वास टाकायची. चारी बाजूंनी कडं फुगत येताना दिसलं की मोबाईल पालथा ठेवून द्यायची, कारण तसं कडं म्हणजे ढग नेमका आपल्या दिशेने निघालेला असतो. तो इथवर यायला दीड-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस मी भाकरी थापताना सुद्धा वर पाहत नसे.

घरात माझ्या या वेडाला एकच गिऱ्हाईक होतं, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. सत्तरी ओलांडलेले, सरळ बांध्याचे, उभ्या आयुष्यात दवाखान्याची पायरी न चढलेले. रोज पहाटे अंघोळ करून, तांब्या कपाळाशी नेऊन ते सूर्याला पाणी द्यायचे आणि पाण्याच्या धारेतून त्याच्याकडे टक लावून पाहायचे. त्यांच्या वडिलांनीही तसंच केलं होतं. मी कधीमधी "मामा, डोळ्याला त्रास होतो" म्हणायची. ते म्हणायचे, "देवाकडं पाहून कुनाला तकलीफ झाली गं?"

पुंजका दिसला त्या दिवशी मी त्यांना गच्चीवर बोलावलं. पुठ्ठ्याकडे मान वाकडी करून ते बराच वेळ पाहत राहिले.

"तुझ्या सूर्याला देवी निघाल्या काय?" आधी त्यांनी चेष्टा केली. मग गंभीर झाले. "म्हंजे हा डाग तिथं हाय? बराबर सूर्यावरच?"

"सूर्यावरच."

"पक्कं?"

"मामा, पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे तो डाग."

त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच नवल वाटलं. मी त्यांना ग्रहणाचा चष्मा दिला. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच म्हणाले, "दिसला. बराबर मधोमध." पुठ्ठ्यावर पुंजका अजून कडेजवळ होता, मध्यावर यायला बरेच दिवस होते. म्हातारं माणूस, कुठे वाद घालायचा, म्हणून मी सोडून दिलं.

पुंजका सरकत सरकत मध्यावर आला आणि एक मोठा स्फोट झाला. कडं चारी बाजूंनी फुगलं. मोबाईलवर लगेच निरोप फिरायला लागले: फोन बंद ठेवा, लेकरांना बाहेर सोडू नका. आमच्या ह्यांनी तर मोबाईल धान्याच्या कोठीत नेऊन ठेवला. "पेटला बिटला तर घर तरी वाचल," म्हणाले. आयाबाया मला विचारायला आल्या. माणसांना काही होत नाही, फार तर वीज आणि उपग्रह बिघडतात, असं मी सगळ्यांना समजावलं आणि आत जाऊन स्वतःचा मोबाईलही बंद केला.

मामांनी मात्र पारावर बसून गावाला धीर दिला. "मी रोज पाहून राहिलो त्याला. जाग्यावरच हाय. हलला की सांगतो तुमाले." म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय सूर्यावरचा डाग दिसतो ही बातमी गावभर झाली. लोक येता-जाता विचारायचे, काय म्हणतो तुमचा डाग? मामांची मान ताठ व्हायची. गावाने आपल्यावर राखण सोपवली आहे असं धरून ते आता तांब्यातलं पाणी संपल्यावरही उभे राहायचे. मे महिन्यातला आमच्याकडचा सूर्य उगवतानाच तापलेला असतो. मी चष्मा पुढे करायची, ते हाताने बाजूला सारायचे.

ढग आला आणि गेला. गावाचं काही बिघडलं नाही. पुंजका पुढे सरकत कडेला टेकला, चपटा झाला आणि एका सकाळी पलीकडे गेला. पुठ्ठा फडक्याने पुसून पाहिला, दुर्बिणीची काच पुसून पाहिली. मधोमध सूर्य कोरा होता. मी आनंदाने खाली गेले.

"मामा, डाग गेला."

"कुठं गेला? हाय की."

"कडेवरून पलीकडे गेला. मी आत्ता पाहून आले."

"तुझी दुर्बीण बिघडली असंल. आताच पाहिलं म्या. मधोमध हाय."

पहिल्या दिवशीही मधोमध, स्फोटाच्या दिवशीही मधोमध, आजही मधोमध. सूर्यावर असा डाग नसतो.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. उन्हाकडे पाहिल्यावर थोडा वेळ सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे ठिपका नाचतो, तसं असेल. पण त्या दिवशी मी त्यांना लपून पाहत राहिले आणि जे दिसलं त्याने जीव टांगणीला लागला. चहा त्यांनी कपाच्या कडेवर ओतला. सुईत दोरा ओवायला घेतला आणि तसाच सुईसकट खिशात टाकला. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे पाहत होते. ही खोड केव्हापासूनची, ते मला आठवेना. मी रोज त्यांच्यासमोर ताट वाढत होते आणि कोट्यवधी कोसांवरचा सूर्य तपासत होते.

ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "काहून उगी भेवाडतीस? चांगला ठणठणीत हाय बा." मग मी कुणालाच सांगितलं नाही. एकच विचार डोकं पोखरत होता: उद्या पुन्हा दिवस उगवेल, मामा पुन्हा पाहतील आणि जे उरलं आहे तेही जळेल. उजाडूच नये असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

उजाडलं. मामा तांब्या घेऊन अंगणात आले. सूर्य बांधावरच्या बाभळीच्या वर आला होता. त्यांनी तांब्या उचलला तशी मी धावत गेले आणि त्यांच्या आणि सूर्याच्या मध्ये उभी राहिले. सासऱ्याच्या पूजेत सुनेने आडवं येणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

"बाजूला सरक, पोरी."

"मामा, माझ्याकडे पाहा."

"पाहून राहिलो की."

"कानाकडे नको. तोंडाकडे पाहा."

त्यांनी सावकाश मान वळवली आणि सरळ पाहिलं. सूर्य माझ्या पाठीमागे, माझ्या डोक्याआड होता.

"आता डाग दिसतो?"

तांब्यातलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

"मामा, दिसतो का?"

"व्हय."

"कुठे?"

"तुझ्या तोंडावर," ते म्हणाले. "तुझं तोंडच न्हाई दिसत."

मग त्यांनी गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरला. तो पाहता पाहता ते तिथेच, ओल्या मातीत, खाली बसले. मी रडायला लागले. माझं रडणं ऐकून आमचे हे बाहेर आले आणि मामांना तसं मातीत बसलेलं पाहून त्यांनी मोटारसायकल काढली.

हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून, यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्याचा पडदा नेमका मधोमध खराब झाला होता. डाव्यालाही सुरुवात झालेली होती, पण कमी. वयाचा भाग किती आणि उन्हाचा किती ते सांगता येणार नाही, म्हणाले. उजव्याची आशा त्यांनी दिली नाही. डावा सांभाळला तर राहील, सूर्याकडे पाहणं आजपासून बंद.

"आजोबा, कधीपासून दिसतंय असं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. माझ्या हिशेबाने ते पुंजका आल्यापासूनचं होतं.

"दिवाळीपासून," मामा म्हणाले.

दिवाळी म्हणजे पुंजक्याच्या किती आधी! तेव्हा मी दुर्बीण घरी आणलेलीही नव्हती. अख्खा हिवाळा हा माणूस आमच्यात बसून जेवला, हरभऱ्याच्या सोंगणीला आला, आमच्याशी चेष्टा केली आणि चकार शब्द बोलला नाही.

बाहेर आलो. हे औषधं आणायला गेले. काळा चष्मा लावून मामा बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांत घातलेले. मी विचारलं, "मामा, इतके दिवस काहून सांगितलं नाही?"

"भ्या वाटलं."

"कशाचं?"

"आंधळा होतो म्हनून. सांगितलं असतं तर खरं झालं असतं." काळा चष्मा त्यांनी नाकावर सारखा केला. "रोज सकाळी पाहायचो, आज न्हाई दिसनार म्हनून. रोज दिसायचा. मंग तू मला गच्चीवर बोलावलंस. म्हनलीस, डाग सूर्यावरच हाय, पक्कं. तवा म्हनलं, आपल्या डोळ्यात काईच न्हाई, तिथलाच हाय तो, पाहून पाहून डोळ्यात बसला असंल."

मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता, भर उन्हाळ्यात.

"त्या दिवशी, पोरी, मी दिवाळीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो."