सुनंदाताईंची पहार

एका बाईने "थांबा" म्हटलं, म्हणून माझा धाकटा भाऊ आज जिवंत आहे.

ती बाई काल गेली.

सुनंदाताई. आमच्या केमिकल कंपनीच्या लॅबमधल्या सीनियर. गाव शिनोली. जीभ तिखट, पण डबा सगळ्यांना वाटून खाणार.

काम काय, तर नवीन पावडर किती उष्णता सहन करते ते बघायचं. चिमूटभर पावडर काचेच्या नळीत, नळी ओव्हनमध्ये, आणि पावडरीत खुपसलेली तापमान मोजायची बारीक तार.

त्या तारेला ताई "पहार" म्हणायच्या.

जॉइन झाले तेव्हा मी हसले होते.

"हसू नको. तू घाटघरची ना? ओल्या पेंढ्याची गंजी बाहेरनं गार लागती, आतनं तापत ऱ्हाती. आमचा बाप रोज पहार खुपसून, काढून, हात लावून बघायचा. एकदा न्हाई बघितलं. गंजी गेली, गोठा गेला, बैलबी गेला."

पुन्हा हसले नाही.

मग तो दिवस आला. ऑर्डर अडलेली. माल लवकर सुकावा म्हणून मॅनेजर सरांना ड्रायरचं तापमान वाढवायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

खाली त्याच पावडरीने ड्रायर भरून तयार. बटणापाशी माझा भाऊ, संतोष.

वर लॅबमध्ये त्याच वाढीव तापमानाला टेस्ट चालू. स्क्रीनवर दोन आकडे, एक ओव्हनचा, एक पावडरीचा. सकाळपासून दोन्ही सारखे.

"मॅडम, काही होत नाहीये. ओके द्या," सर लॅबमध्ये येऊन म्हणाले.

"थांबा."

"अहो, किती वेळ?"

"पहार सांगंल तवर."

सरांनी सरळ खाली फोन लावला. "संतोष, चालू कर."



ताईंनी सरांच्या हातातून फोन ओढून घेतला. "संतोष, बटणाला हात लावू नको. मी सांगंस्तवर न्हाई."

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ द्या. पोरगं ऱ्हाईल."

सगळे स्क्रीनकडे बघत उभे.

आणि पावडरीचा आकडा ओव्हनच्या पुढे गेला.

ओव्हन होता तिथेच. पावडर आपली आपणच तापत होती. वर. आणखी वर.

ताईंनी मला दंडाला धरून मागे खेचलं.

फट्!

नळीचा चुरा. ओव्हनच्या काचेआड नुसता धूर.

ती चिमूटभर होती. खाली ड्रायर भरलेला होता.

सरांनी पाणी मागितलं. ताईंनीच दिलं.

आणि हीच बाई स्वतःचं दुखणं अंगावर काढत राहिली. "काय न्हाई गं, ॲसिडिटी हाय." डॉक्टरकडे गेली तेव्हा फार उशीर झाला होता. जगाला पहार लावली, स्वतःला नाही. लई राग येतो, ताई. रडूही येतं.

काल शिनोलीला त्रिसरण-पंचशील झालं. अग्नी दिला. माणसं हळूहळू निघाली.

संतोष जागचा हलेना.

"चल," मी म्हटलं. "शेवटची एसटी जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. "ताई थांबल्या व्हत्या ना माज्यासाठी."

आम्ही थांबलो.

ताई, तुम्हाला आम्हा दोघा भावंडांचा शेवटचा जयभीम.