पडलेल्या उमेदवाराचं पुढचं पान

माझे सासरे निवडणुकीत पडले, त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. ते स्वतः तर नाहीच. माजघरातून परसात, परसातून माजघरात, तिथून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यावरून माघारी. त्यांच्या वहाणांचा आवाज दिवसभर डोक्यात वाजायचा. आम्ही बायका स्वयंपाकघरात असलो तरी तो आवाज लांब गेला की आमचे हात चालायचे, जवळ आला की थांबायचे. उंबरा मात्र ते ओलांडत नव्हते. पलीकडे गादी होती आणि गादीसमोर तराजू टांगलेला होता. निवडणुकीत त्यांची निशाणी तराजूच होती.

तीर्थपुरीत आमचं किराणा दुकान. सासऱ्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथंच रुजले. गाव सासऱ्यांना शेठजी म्हणायचं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या रझाकारांच्या धामधुमीत जी घरं कुलूप लावून निघून गेली, त्यांच्या किल्ल्या आमच्या देव्हाऱ्यात ठेवलेल्या होत्या, आणि माणसं परतली तशा ज्याच्या त्याला मिळाल्या. म्हणून पहिली निवडणूक आली तेव्हा चार लोक म्हणाले, शेठजी, तुम्हीच उभे राहा. ते कुठल्या पक्षाचे नव्हते. उभे राहिले आणि पडले.

तेव्हाची मतदानाची रीत आता कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पत्र्याची पेटी असायची, वर त्याची निशाणी डकवलेली. हातात मिळालेला कागद ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीच्या फटीतून आत टाकायचा, बस. माझं वय बसत नव्हतं म्हणून मी गेले नाही. सासूजी मात्र नवी ओढणी घेऊन गेल्या आणि परत आल्यावर लग्नाहून आल्यासारख्या खुश होत्या.

निकाल लागला आणि सासऱ्यांच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. लोक तोंडावर हो म्हणाले आणि आत जाऊन दुसऱ्याच्या पेटीत टाकून आले. रस्त्यावरून कुणी रामराम घातला तरी त्यांना ती थट्टा वाटायची. एके दिवशी जेवता जेवता ताट सरकवून ते सासूजींना म्हणाले, "ऐकती का? या गावात आपलं कोणी न्हाई. दुकान काढून टाकतो. देसाला जाऊ."

देस म्हणजे राजस्थान. तिथलं गाव सासूजींनी लग्नात पाहिलं होतं, माझ्या नवऱ्याने कधीच नाही. तिथं आपलं घर उभं आहे की पडलं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पण शब्द निघाला तो निघाला. दुकानातल्या मुनीमजींना माल कमी करायला सांगितलं गेलं. अंबडचा एक व्यापारी दुकान बघायला येणार, असा निरोप आला. सासूजी सकाळी पितळेची भांडी पोत्यात भरायच्या आणि दुपारी कढई लागली की पोतं सोडायच्या. नवरा जालन्याच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा यायचा, पोत्यांकडे बघायचा आणि वडिलांसमोर एक शब्द न काढता परत जायचा.

मला राग यायचा. मला राग लवकर येतो, अजूनही येतो. पडले ते, आणि बिऱ्हाड मी का बांधायचं? माझं माहेर जालन्याचं, आईवडील तिथं. वाळूतल्या त्या न पाहिलेल्या गावात गेले असते तर त्यांचं तोंड पुन्हा कधी दिसलं असतं, कोण जाणे. पण हे बोलायचं कुणाशी?

आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, आणि आवाज तर त्यांच्या कानावरसुद्धा पडू द्यायचा नाही. मी हातभर अंतरावर उभी असले तरी ते सासूजींना सांगायचे, "बिनणीला म्हण, पाणी दे." बिनणी म्हणजे सून. सासूजी नसल्या तर ते माजघराच्या खांबाकडे तोंड करून सांगायचे, "कुणीतरी पाणी ठेवा." मी ऐकलं, हे कळवायला बांगड्या वाजवायच्या. एकदा वाजवल्या म्हणजे हो. नाही म्हणायला काही सोयच नव्हती.

अशात ते पुस्तक घरात आलं. पुड्या बांधायला रद्दी लागायची, ती नवरा जालन्याहून आणायचा. छावणीतल्या कुठल्याशा बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यात हे इंग्रजी बाड आलं. जाडजूड, पुठ्ठा निघालेलं, कागद मात्र पुड्यांना अगदी मजबूत. मुनीमजींना तो फारच पसंत पडला. रोज सकाळी ते पाचपन्नास पानं फाडून ठेवायचे आणि दुपारी मी त्यांत हळद, जिरे, धने बांधायची. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. पुडी बांधता बांधता डोळा अक्षरांवर जाणारच.

अमेरिकेच्या कायदेमंडळात जाऊन आलेल्या माणसांची चरित्रं होती ती. कुणाला अर्धं पान, कुणाला चार ओळी. अमक्या गावी जन्म. गावच्या शाळेत शिक्षण. काही काळ शेती केली, मग मास्तरकी, मग वकिली. उभे राहिले, निवडून आले. पुन्हा उभे राहिले, निवडून आले नाहीत. वारले. अमक्या दफनभूमीत पुरले. माणूस मोठा असो की छोटा, सगळ्यांचं एकाच सुरात. कौतुक नाही, रडगाणं नाही. आणि पडल्याचं तर जन्मगावासारखं सरळ लिहिलेलं! आमच्या घरात 'पडले' हा शब्द उच्चारायची चोरी, आणि तिकडे छापून ठेवलेला. मला एकदम हसू फुटलं.

"काय झालं गं?" सासूजींनी विचारलं. मी त्यांना मराठीत करून सांगितलं. एक टोप्या बनवणारा होता, तीनदा पडला आणि चौथ्यांदा उभा राहिला. एक मास्तर पडल्यावर पुन्हा शाळेत गेला. सासूजी हसल्या. वहाणांचा आवाज दाराशी येऊन थांबला होता, ते आम्हाला हसण्याच्या नादात कळलंच नाही.

"तिला इचार," दाराबाहेरून आवाज आला, "पडल्यावर लोक काय करतात तिकडं?"

सासूजींनी मला विचारलं, जणू मी बहिरी होते. मी त्यांच्या कानात सांगितलं, "बहुतेक पुन्हा आपल्या जुन्या धंद्याला लागतात." सासूजींनी ते मोठ्यानं सांगितलं.

"समदेच?"

समदे नव्हते. काही गाव सोडून पश्चिमेला निघून गेले होते, हेही त्या पानांवर होतं. तेही मी सांगितलं. बाहेर वहाणा परसाकडे गेल्या.

पण त्या दिवसापासून दुपारी ते दाराशी यायला लागले. मी सासूजींच्या कानात वाचायची आणि सासूजी बाहेर पोचवायच्या. मध्ये त्यांची स्वतःची भर पडायची ती वेगळी. एका दुपारी माझ्या हाती एका दुकानदाराचं पान आलं. खेडेगावात दुकान काढलं, गावचं टपालही सांभाळलं, लोकांनी आग्रह केला म्हणून उभा राहिला. सासरे फिरायचे थांबले. ते थांबले म्हणून मीही जरा घाई केली. 'निवडून आले नाहीत' असं वाचलं आणि पान संपलं.

"मंग?" बाहेरून आवाज आला.

मंग काही नाही. पुढचं पान गठ्ठ्यात नव्हतंच. सासूजींनी मुनीमजींना बोलावलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "वरचं पान मीच काढलं, सकाळच्या बाजारात पहिल्याच गिऱ्हाइकाला, कुंभार पिंपळगावच्या म्हातारीला, हळद दिल्ती त्यात. कागद वाचून थोडीच देतो आपण?"

"त्यो गाव सोडून गेला असंल," सासरे म्हणाले. "दुकानदार माणूस. रोज त्याच लोकांची तोंडं बघायची, ज्यायनी पाडलं. जाणारच. बघा तुम्ही. त्यो गेला असंल तर आपुन बी जायचं, बिलकुल. मंग कुणी काय बोलायचं न्हाई."

सासूजींनी कपाळाला हात लावला. आमच्या घराचं ठरवणारा आता हा कोण कुठला अमेरिकेतला दुकानदार! पण खरं सांगते, मीही त्याच्यावर आस लावून बसले. एवढ्या मोठ्या देशात, बाबा रे, तू आपल्या दुकानात राहिलेला अस, असं मनात म्हणत मी भाकऱ्या थापायची. दोन भाकऱ्या त्या पायी करपल्या.

पुढचा बाजार येईपर्यंत घरात सगळ्यांची चुळबुळ. सासूजींचं पोतं भरायचं आणि सोडायचं चालूच. अंबडचा व्यापारी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणून कळलं. बाजाराच्या दिवशी सकाळपासून सासरे उंबऱ्याच्या अलीकडे उभे होते, वहाणा घालून, पागोटं बांधून. मी आणि सासूजी आतल्या दाराआड.

म्हातारी आली. काष्टा घातलेली, उन्हाने रापलेली, हातात पिशवी. ती दिसल्याबरोबर सासऱ्यांनी उंबरा ओलांडला. निवडणुकीनंतर पहिल्यांदा. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

"मावशी, मागल्या बाजारी हळद नेल्ती ना? तिचा कागद कुठंय?"

"कागद?" म्हातारी बघतच राहिली. "आता गं बया! हळद डब्यात भरली अन् कागद चुलीत घातला. काय लिव्हलं व्हतं त्यात एवढं?"

"एका माणसाचं होतं. निवडणुकीत पडलेल्या."

"तुमचं व्हतं का?"

सासरे तराजूकडे बघायला लागले. म्हातारीच पुढं बोलली, "तुमी पडले कसे पर, शेठजी? आमच्या गल्लीतल्या समद्या बायांनी तराजूलाच दिलं. म्या सोता पेटीवर कागद ठिवला, हळदकुकू लावलं, फूल वाह्यलं. हात जोडले अन् मंग बाहीर आले."

"पेटीवर?"

"मंग कुठं?"

"पेटीत टाकायचा होता मावशी. फटीतून आत. वरचे समदे कागद बाद झाले असतील."

"आत?" म्हातारीला ते पटेना. "देवाला वाहायचं ते त्याच्या पुढ्यात ठिवत्यात, का त्याच्या पोटात कोंबत्यात? अन् तराजू म्हंजी लक्षुमी."

मी सासूजींकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. ओढणीचं टोक बोटांत पिळत होत्या. "मीही वरच ठेवलं होतं," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला ओठांवरून कळलं. "दिवाळीला तराजूची पूजा करतो, तसंच ना?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांचा हात धरावा की तोंड, कळेना.

दुकानात सासरे तसेच उभे होते. मुनीमजी खाली बघत होते. बाजारची माणसं दाटली होती, आणि म्हातारीने पिशवी पुढं केली. "आता जल्दी करा शेठजी, गाडी थांबलीय. हळद द्या, अन् बराबर द्या. मागल्या बारीला मुनीमानं हात आखडला व्हता." मुनीमजी काही म्हणायच्या आत सासऱ्यांनी तराजूची साखळी हातात घेतली, पारडी फडक्याने पुसली आणि हळद तोलली. वर चिमूटभर जास्तीची टाकली. तिच्यामागं दुसरा उभा होता, त्याला गूळ दिला. संध्याकाळपर्यंत ते जागचे हलले नाहीत. जो येईल त्याला मात्र विचारत होते, "पेटीत टाकलं का पेटीवर?"

तरी माझा जीव भांड्यात पडला नव्हता. व्यापारी दुसऱ्या दिवशी यायचा तो यायचाच होता, आणि सासऱ्यांचा शब्द त्या जळालेल्या पानावर अडकलेला होता. दिवेलागणीला सासूजी सासऱ्यांसमोर यायला नको म्हणून मंदिरात निघून गेल्या. मी एकटी माजघरात वात करत होते. वहाणांचा आवाज आला, दुकानातून थेट आत, आणि खांबाजवळ थांबला.

"पान तर जळालं," सासरे खांबाला म्हणाले. आवाज थकलेला होता. "आता कळायचं कसं, त्यो माणूस गेला का राह्यला?"

मी हात उचलला. पण बांगड्यांना एकच शब्द येत होता, आणि तो इथे कामाचा नव्हता. त्या माणसाचं काय झालं, मला कुठे ठाऊक होतं? आजही ठाऊक नाही. पण मला जायचं नव्हतं, आणि दिवसभर मी त्यांना तराजूपाशी बसलेलं पाहिलं होतं.

"राहिला," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं त्यानं."

त्यांच्याशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. मी पदर आणखी खाली ओढला. आता सासरे अंगावर धावून येतात की काय, असं वाटलं.

"कुणीतरी मुनीमला सांगा," शेवटी ते खांबाला म्हणाले, "अंबडच्या मानसाला येऊ नको म्हणून निरोप धाड. अन् त्या पुस्तकाची पानं फाडायची न्हाईत आता."

मी सवयीनं बांगड्या वाजवल्या. ते गेले नाहीत, तिथंच उभे राहिले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "हो, सांगते."