सत्तारचाचांची टाळी

नेरच्या सत्तारचाचांचे खांदे हल्ली दुपारीच गळून जातात. सारा जन्म गाद्या भरण्यात गेला अन् उरलेला कव्वालीच्या टाळीत. गाणारे पुढे, चाचा मागच्या रांगेत. लोकांना वाटतं, टाळी म्हणजे काय, आपटले दोन हात की झालं! आपटून पाहा म्हणावं एकदा. गाणारा अडखळला तर टाळीवाला त्याच्यासाठी थांबतो, त्याला धरून पुन्हा वाटेवर आणतो.

उस्ताद गेले, साथीदारही एकेक करून गेले. ही टाळी आपल्याबरोबर मातीत जाऊ नये, एवढीच चाचांची तळमळ. म्हणून दर शनिवारी दुकान बंद ठेवून ते मुलींच्या उर्दू शाळेत टाळी शिकवायला जात. पोरी हसायच्या, हात दुखतात म्हणायच्या. दुखायचे तर चाचांचेही, पण सांगता कोणाला! वर्षभरानं कुठे दोघीतिघींचे हात लय धरू लागले, अन् स्नेहसंमेलन आलं. पोरी त्यात कव्वाली गाणार होत्या.

मुख्याध्यापिका शगुफ्ता मॅडम मनानं भल्या. म्हणाल्या, "चाचा, पोरींले गानं अन् टाळी दोन्ही जमून नाही राह्यलं. तुमची टाळी मोबाईलमध्ये भरून घेऊ. पोरी नुसत्या गातीन."

"मंग टाळी कोन शिकन?"

"शिकाव कायले लागते? तुमचीच राहीन ना, कायमची."

चाचांना भांडायचं होतं, पण भांडायलाही अंगात जीव लागतो. ऑफिसातला पंखा बंद करून त्यांना मोबाईलपुढे खुर्चीवर बसवलं. पुढे गाणारं कोणी नाही, अन् म्हातारा आपला एकटाच टाळ्या वाजवतोय!

संमेलनात स्पीकरमधून टाळी सुरू झाली. पोरी झकास गात होत्या. मध्येच त्यांच्यातली धाकटी अंजुम ओळ विसरली, थांबली. टाळी मात्र पुढे निघून गेली. चाचांनी बसल्या जागेवरून तिला सावरायला हात उचलले, तर त्यांची टाळी स्पीकरमधल्या त्यांच्याच टाळीवर आदळू लागली. पोरगी आणखीच गोंधळली. चाचांनी हात खाली घेतले. अंजुम रडत आत पळाली.

कार्यक्रम संपल्यावर चाचा मॅडमना म्हणाले, "ते पुसून टाका, मॅडम."

"काहून?"

"थांबत नाही ते कोनासाठी."

मॅडम हसल्या. "आता कसं पुसू, चाचा? कालच यवतमाळच्या चार शाळांईनं मांगून घेतलं. म्हने, आता आमालेही टाळीवाला शोधाव लागत नाही."