पेट्रोलची टाकी

कात्रपमधली आठ मुलं मी माझ्या जुन्या व्हॅनमधून अंबरनाथच्या शाळेत सोडतो. सोळा वर्षं हेच चाललंय. मुलं बदलतात, व्हॅन तीच. ती गॅसवर चालते. पेट्रोलची टाकी आहे, पण आम्ही गॅसवाले तिच्यात सकाळी गाडी चालू होण्यापुरतंच पेट्रोल ठेवतो. टाकी फुल करणाऱ्याला आमच्या स्टँडवर वेड्यात काढतात. मीही काढलंय.

गेल्या महिन्यात गॅसचा सिलेंडर तपासणीला गेला आणि आठवडाभर पेट्रोलवर चालवायची वेळ आली. दोन दिवसांत तीनदा गाडी भर रस्त्यात बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली त्या दिवशी मुलांची परीक्षा होती. पालकांच्या ग्रुपवर लगेच निरोप आला: सोमवारपर्यंत गाडी नीट झाली नाही तर आम्ही दुसरी व्हॅन बघतो. मी तडक पंपावर गेलो आणि पेट्रोलमध्ये पाणी घालता म्हणून तिथल्या माणसाला वाटेल ते बोललो. तो बिचारा ऐकून घेत राहिला.

माझा नेहमीचा मिस्त्री एमआयडीसीच्या अलीकडे बसतो. त्यालाही पंपवाल्याचं पाणी सांगितलं. त्याने टाकी उतरवली, पालथी केली आणि हलवली. आतून मूठभर तांबडा चुरा पडला, मग आणखी मूठभर.

"काका, ही फुल कधी केली होती?"

"आठवत नाही."

"मग सडणारच ना! रिकामी टाकी आतून ओल धरते. पंपवाल्याची काय गलती?"

"वेल्डिंग मारून दे."

"मारू कुठे? पत्रा तर पाहिजे. दुसरी आणा."

मला भयंकर राग आला, पण आता तो काढायला कुणी उरलं नव्हतं.

शनिवारी उल्हासनगरच्या कॅम्पात जुन्या पार्टची चार दुकानं पालथी घातली. पाचव्या दुकानातल्या सिंधी शेठने आतून एक टाकी काढली. "साईं, अंदर से देख लो, एकदम साफ है." मोबाइलचा टॉर्च मारून पाहिली, खरंच साफ होती. ती मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. कंबर मोडून गेली होती. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "साठी उलटली तुमची. मुलं दुसरीकडे गेली तर जाऊ द्या ना."

"आणि मी दिवसभर घरात बसून करू काय?" मी खेकसलो. तिने फोन ठेवला.

रविवारी दुपारी टाकी बसली. ती त्याच पंपावर, त्याच माणसाकडून काठोकाठ भरून घेतली. माफी मागायची होती, पण जीभ उचलली नाही. ग्रुपवर लिहिलं, गाडी तयार आहे. कुणाचंच उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या बिल्डिंगकडे निघालो तेव्हा मनाशी ठरवलं होतं, गेटवर कुणी नसेल तर कुणाशी भांडायचं नाही. सरळ घरी जायचं आणि झोपायचं. तो विचार इतका बरा वाटला की मी गाडी हळू केली.

गेटवर दोघी बहिणी दप्तरं घेऊन उभ्या होत्या. "काका आले!" म्हणून ओरडल्या. पुढच्या गेटवर तिघं, त्यापुढे आणखी तिघं. एकेक करत आठही चढली. मी हसलो, दरवाजा ओढून लावला, आणि गाडीला वळसा घालून माझ्या सीटकडे येईपर्यंत मला रडू फुटलं. कुणीच येऊ नये असं मला वाटत होतं.