रहाटाच्या सुरातलं व्हायोलिन

नंदाखाल गावच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तेव्हा पाच व्हायोलिनं होती आणि पाचही देवळाच्या मालकीची. ती मुलांना शिकायला मिळत, घरी न्यायलाही मिळत. पण कुणाकडून हयगय झाली की वाजवायला शिकवणारे मास्तर त्याच्याकडचं व्हायोलिन काढून घेत आणि वाट पाहणाऱ्या दुसऱ्या मुलाला देत. असं दोनदा झालेलं मी पाहिलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. वडील केळीच्या वाडीत राबणारे. वाद्य विकत घ्यावं असा विचारही आमच्या घरात कुणाला सुचला नसता. माझ्याकडे असलेलं ते एक व्हायोलिन गेलं तर माझं वाजवणं संपणार होतं, इतकं ते सरळ होतं.

मास्तर शाळेतही आम्हाला शिकवत. मी पुढे पदवीपर्यंत पोचलो, आमच्या घरातला पहिलाच. त्याचं श्रेय ज्यांना द्यायचं, त्यांत मास्तर फार वर आहेत. संध्याकाळी देवळाच्या माळ्यावर, जिथे गाणारे उभे राहतात तिथे, ते आम्हाला मिस्साची, म्हणजे देवळातल्या उपासनेची, लॅटिन गीतं बसवून देत.

वाजवणारे आम्ही पाच जण एकाच वयाचे. त्यांतल्या एकाचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने आणलेला ग्रामोफोन त्यांच्या ओटीवर असे आणि रविवारी जेवणं झाली की आम्ही तिथे जमत असू. नाचाच्या इंग्रजी तबकड्या लागत. बाकीचे मांडीवर ताल धरत; एक जण खांबाला धरून नाचूनही दाखवी. मला त्या तबकड्या वाईट वाटत नसत, पण बऱ्याही वाटत नसत. तबकडी संपली की ग्रामोफोनवाला विचारी, "कशी हाय?"

"भारी," मी म्हणे. सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणे.

मला जे आवडत होतं ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या वाडीला लागून एका हिंदू शेजाऱ्याची वाडी होती. दुपारी तो म्हातारा रहाटाच्या रेड्यामागे गोल फिरत भजनं म्हणे. रहाट एका चालीने करकरे आणि म्हाताऱ्याचा आवाज त्या करकरीच्या कधी पुढे, कधी मागे चाले. आम्हाला देवळात शिकवलेलं गाणं पायऱ्या चढल्यासारखं होतं, एक पाऊल इथे, एक तिथे. हा मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाई. केळीला पाणी लावायचं निमित्त करून मी बांधाशी रेंगाळत असे. शेवटी एके दिवशी व्हायोलिन तिथे घेऊन गेलो आणि त्याच्या मागोमाग वाजवू लागलो. त्याने रेडा थांबवला.

"पोरा, तुझी सारंगी गोड हाय, पन ती ताठ चालते. जरा लोळव तिला."

लोळवायचं कसं ते त्यानेच दाखवलं. वरच्या दोन तारा उतरवायच्या, खालच्या दोन त्यांना जुळवून घ्यायच्या, म्हणजे सगळ्या मिळून त्याच्या षड्ज-पंचमात बोलतात. परत देवळात जाताना त्या पूर्ववत करायच्या. मी महिनोन् महिने हे करत होतो.

मित्रांना कळल्यावर त्यांनी मला 'बुवा' म्हणायला सुरुवात केली. "बुवा, मिस्साला टाळ आनलेस काय?" मी हसण्यावारी नेत असे. म्हाताऱ्याच्या भजनी मंडळातही मी काही घरचा नव्हतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाने विचारलं, "किरिस्तावाचा पोर इथं काय करतो?" म्हातारा म्हणाला, "माझ्या रहाटावर शिकलाय. बसू दे." मी ओट्याच्या कडेला बसलो.

देवळाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मास्तर सूर देणारी शिट्टी तोंडात धरून पाचही व्हायोलिनं स्वतः लावत. सकाळी लवकरच खाली लोक प्रार्थनेला बसलेले असत, त्यामुळे माळ्यावर तारा छेडायची सोय नसे. म्हणून ते बजावत, "आता खुंट्यांना हात लावायचा नाही." त्या वर्षी नेमकी त्याच संध्याकाळी एकादशी आली. म्हाताऱ्याने भजनाला बोलावलं होतं. मी गेलो, खुंट्या पिळल्या, तासभर वाजवलं आणि घरी आलो. सकाळी उठून तारा लावायच्या असं ठरवलं होतं. सकाळी उठून त्या छेडल्याही. कानाला बरोबर वाटल्या, म्हणून व्हायोलिन पेटीत ठेवून निघालो.

प्रवेशगीताच्या पहिल्याच स्वराला माझं व्हायोलिन बाकीच्या चौघांपासून वेगळं पडलं. चौघांनी वळून पाहिलं. मी गज तारांपासून बोटभर वर उचलला आणि सगळा मिस्सा हवेत वाजवला. हात इतरांबरोबर वरखाली करत राहिलो. आई खाली बसली होती. माझ्या पोराचं सगळ्यांत गोड वाजलं, असं ती नंतर शेजाऱ्यांना सांगत होती.

मिस्सा संपल्यावर जिन्यावरच सुरू झालं. "बुवा, आज मुकं भजन काय?" मास्तरांनी त्यांना खाली पाठवलं. माझ्या हातून व्हायोलिन घेऊन चारही तारा एकेक करून छेडल्या. मग पुन्हा छेडल्या.

"हे उतरलेलं नाही," ते म्हणाले, "हे लावलेलं आहे. कुणी लावलं?"

"मी, सर."

"कुणाच्या सुरात?"

"शेजारचे काका रहाटावर गातात, त्यांच्या."

"सकाळी कान कुठे होता?"

खोटं सुचलं नाही. "सर, मला हेच बरोबर वाटलं."

त्यांनी व्हायोलिन पेटीत घातलं, पेटी बंद केली आणि काखेत मारली. मी रिकाम्या हाताने घरी आलो. पुढचे दोन रविवार मी नुसता गायलो. दुपारी म्हातारा विचारी, "सारंगी कुठं हाय?" मी पाण्याचे पाट बघत असे.

तिसऱ्या शनिवारी मास्तरांनी मला देवळामागच्या खोलीत बोलावलं. व्हायोलिन टेबलावर होतं. "लाव. शिट्टी मिळणार नाही." मी आठवून आठवून देवळाच्या सुरात लावलं. त्यांनी एक खुंटी केसभर फिरवली आणि म्हणाले, "आता तुझ्या काकांच्या सुरात." मला वाटलं, ही परीक्षा आहे, मग घेऊन जातील. तरी लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "आता परत." असं तीनदा झालं.

"दर रविवारी मिस्साच्या अर्धा तास आधी इथे येऊन हे करायचं. चुकलास तर त्या दिवशी व्हायोलिन इथेच राहील."

मित्रांना वाटलं, मला शिक्षा झाली. मी त्यांना तसं वाटू दिलं. पहिल्या काही रविवारांत व्हायोलिन दोनदा तिथेच राहिलंही.

ग्रामोफोनच्या ओटीवर मी जात राहिलो. त्यानंतरच्याच एका रविवारी तबकडी संपली आणि नेहमीचा प्रश्न आला, "कशी हाय?"

"मला नाय आवडली," मी म्हणालो.

"बुवाला कशी आवडेल!" सगळे हसले. मीही हसलो. त्याने दुसरी तबकडी लावली. मला विचारणं त्याने तेव्हापासून बंद केलं. ओटीवरची माझी जागा मात्र तशीच राहिली.